खऱ्या कारणाची रजा

खरं कारण लिहून रजा मागणारा माणूस अख्ख्या सोलापुरात मी एकच पाहिला, आणि माझं नशीब असं, की तो माझा सासरा निघाला. बाकीची माणसं रजा कशी मागतात ते मला विचारा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी टाइम ऑफिसला आहे. कोण आला, कोण आला नाही आणि का आला नाही, याची नोंद ठेवणं हे माझं काम. माझ्या रजिस्टरवर विश्वास ठेवायचा तर आमच्या कामगारांच्या आज्या वर्षातून तीन-तीनदा वारतात, लग्नसराईत अर्ध्या कारखान्याला एकाच दिवशी जुलाब होतात, आणि गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात धडधाकट माणसांच्या कंबरा धरतात. त्यांना ठाऊक असतं की हे खोटं आहे, मला ठाऊक असतं की त्यांना ठाऊक आहे. उलट मीच कधी कधी सुचवतो, ‘पोटदुखी मागच्याच महिन्यात झालीय, या वेळी दाढ लिही.’ इतकं सगळं सुरळीत चाललेलं असताना मामांनी त्यात बिब्बा घातला.

मामा म्हणजे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. मी नोकरीला लागलो त्याच्या कितीतरी आधीपासून ते या कारखान्यात मागावर होते. जावई करून घेण्याआधी दोन वर्षं त्यांनी मला हजेरी लावताना पाहिलं होतं आणि ‘पोरगा रजिस्टरात खाडाखोड करत न्हाय’ एवढ्या एका गुणावर मुलगी दिली होती. ती मुलगी, म्हणजे माझी बायको, याच कारखान्यात शिलाई खात्यात टॉवेलच्या कडा शिवते. मी घरी गेलो की मामा ‘या जावईबापू’ म्हणत आपली खुर्ची सोडायचे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी स्वतःच्या हातानं वाढायचे. कारखान्यात मात्र मी ‘साहेब’. माझ्या टेबलासमोर ते हात बांधून उभे राहायचे, आणि सासरे उभे असताना जावयाला बसवेना म्हणून मीही उभा राहायचो. मग मधे टेबल, दोन्हीकडं दोन माणसं माना खाली घालून उभी. मागच्या रांगेतल्या लोकांना वाटायचं, कुणीतरी गेलंय आणि श्रद्धांजली चाललीय.

मामांची शाळा सातवीला सुटली होती. पन्नाशी ओलांडल्यावर एक दिवस त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म. अभ्यासाची जागा, मागाजवळ. आता ज्यांनी चालू मागांचं खातं पाहिलं नसेल त्यांना सांगतो, तिथं कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, तोंड मात्र पूर्ण उघडून एकेक शब्द दाखवायचा. या टोकाचा माणूस त्या टोकाकडं चहा मागतो, आणि चहा येतो. ही विद्या मला आली नाही. मी ऑफिसचा माणूस. खात्यात पाऊल टाकलं की वीस तोंडं हलतात, ती माझ्याविषयी काय बोलतात ते मला आजवर कळलेलं नाही, आणि तेच बरं आहे. तर अशा ठिकाणी मामा ओठांनी धडे पाठ करू लागले. खात्यातल्या लोकांची नजर जाईल तिथं मामांचं तोंड चालूच. वर्षभरात सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांनाही पायथागोरसचा सिद्धांत येऊ लागला. मागाच्या चौकटीवर खडूनं सूत्रं, खिशात चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांना तेलाचा वास. आकडे मोजायचे ते कन्नडमध्ये, ‘ओंदु, एरडु, मूरु’; बीजगणित मराठीत; आणि गणित सुटलं नाही की शिव्या दख्खनीत. इतक्या भाषा डोक्यात भरल्यावर इंग्रजीला जागाच उरली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं सगळं इंग्रजी परदेशी जाणाऱ्या टॉवेलांच्या लेबलांवरून आलेलं. ‘माझा आवडता ऋतू’ या इंग्रजी निबंधात त्यांनी ‘कोमट पाण्यात धुवावे, कडक उन्हात वाळवू नये’ एवढं मात्र बिनचूक लिहिलं होतं.

छापील दिसेल ते वाचायचं, ही त्यांना अभ्यासानं लागलेली सवय. भजी बांधून आलेला कागदही ते तेल पुसून वाचत. अशातच त्यांच्या हाती युनियन आणि मालक यांच्यातल्या जुन्या कराराचं पुस्तक लागलं. हे पुस्तक प्रत्येक कामगाराला मिळालेलं होतं आणि प्रत्येकाच्या घरी कुठल्या तरी डगमगत्या खाटेच्या पायाखाली होतं. मामांनी ते पहिल्या पानापासून वाचलं. शेवटाकडं एक कलम होतं, की कामगार मान्य परीक्षेला बसत असेल तर पेपरच्या दिवशी त्याला भरपगारी अभ्यास रजा मिळेल. कोणी लिहिलं, कोणत्या तंद्रीत लिहिलं, देव जाणे. कलम लिहिल्यापासून ती रजा एकानंही मागितली नव्हती. माझ्या रजिस्टरात तिचा रकानाच नव्हता.

“साहेब,” मामा माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, म्हणून मीही उभा राहिलो, “मार्चात माझे पेपर हायत. अभ्यास रजा लावा.”

“मामा, असली रजा कोण देतंय? आजारी टाका, मी सही आणतो.”

“मला कुटं काय झालंय?”

अर्ज मॅनेजरकडं गेला आणि ‘विचाराधीन’ असा शेरा घेऊन परत आला. पहिल्या पेपरला मामा गेले ते बिनपगारी. मला राहवलं नाही. आपला सासरा, एवढा अभ्यास करतोय, पगार का बुडावा? मी त्यांना न विचारता त्यांच्या नावापुढं ‘आजारी’ लिहून टाकलं. प्रेमानं केलेली चूक, पण चूकच. कारखान्यात बातमी पसरली की मामा कधी नव्हे ते आजारी पडले, म्हणजे काहीतरी मोठंच असणार. संध्याकाळी पाळी सुटल्यावर सात-आठ जण शहाळी, मोसंबी घेऊन त्यांच्या घरी हजर. मामा ओसरीवर मांडी घालून भूमितीची वर्तुळं काढत बसलेले. एकीनं तर त्यांची तब्येत बघून पदर डोळ्यांना लावला, कारण वर्तुळ जमत नसल्यामुळं मामांचा चेहरा खरोखरच पडला होता. दुसऱ्या दिवशी शहाळी घेऊनच ते टाइम ऑफिसात आले. म्हणाले, “ही परत करा ज्याची त्याला. आनि रजिस्टर काढा.” त्यांच्यासमोर, लाल शाईनं, मला ‘आजारी’ खोडून ‘बिनपगारी’ लिहावं लागलं. माझ्या नोकरीतली ती पहिली खाडाखोड. ज्या गुणावर बायको मिळाली तो गुण सासऱ्यानंच घालवला.

त्या दिवशी मी जरा चिडूनच विचारलं, “एवढा हट्ट कशाला मामा? रजेशी मतलब, की कारणाशी?” मामा पहिल्यांदाच माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. मग मीही बसलो. “हिची आई दवाखान्यात होती, तवाची गोष्ट हाय,” ते म्हणाले. हिची म्हणजे माझ्या बायकोची. “पोरीची दहावी. दवाखान्यात बसाय कुणी न्हाय. म्या अर्जात खरं लिवलं, की मुलीचे पेपर हायत, तिला जाऊ द्यायचंय, बायकोजवळ मी बसतो, रजा पायजे. तुमच्या आधीचा टाइमवाला म्हणला, पोरीच्या पेपराला बापाला कशाला रजा? खाडा केला असता तर काढलं असतं कामावरनं. मी पाळीला आलो, पोरगी दवाखान्यात बसली. पेपर गेले. मागनं तो म्हणतो कसा, आज्जी वारली म्हणून लिवायचं की, लगीच दिली असती.”

लग्नाच्या वेळी मुलीचं शिक्षण ‘दहावी’ असं सांगितलं होतं. पास की नापास हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. तीही कधी बोलली नव्हती. मला फार वाईट वाटलं. तो टाइमवाला कधीच निवृत्त झाला होता, पण खुर्ची तीच होती आणि तिच्यात आता मी बसत होतो.

तेव्हापासून मी त्यांचा अर्ज नुसता न घेता त्याला आवक क्रमांक टाकून, शिक्का मारून पोच द्यायला लागलो. माझ्या हातात तेवढंच होतं. मामा दर महिन्याच्या एक तारखेला अर्ज द्यायचे. त्यांची फाइल इतकी फुगली की तिला बांधायला मागावरची दोरी आणावी लागली.

मधल्या काळात कोणीतरी त्यांना सांगितलं की शिकणाऱ्यांना सरकारही मदत करतं. मामा चौकशी करून आले. मदत होती, शिष्यवृत्ती होती, पण ती कामगारांच्या पाल्यांना. खुद्द कामगार शिकायला लागला तर काय करायचं हे कोणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं. दुसरा माणूस असता तर गप्प बसला असता. मामा म्हणाले, “मी पन कामगाराचा पाल्यच हाय की.” त्यांचे वडील जुन्या गिरणीत होते. त्यांचा पितळी बिल्ला पेटीतून काढून, चिंचेनं घासून लखलखीत करून, मामा पुरावा म्हणून सरकारी कचेरीत घेऊन गेले. तिथला बाबू भला माणूस होता. त्यानं बिल्ला हातात घेऊन पाहिला, चहा पाजला आणि फॉर्म ऑनलाइन भरायला सांगितलं. मी त्यांना घेऊन कॉम्प्युटरवाल्याकडं गेलो. जन्मसालाची यादी खाली ओढत ओढत गेलो; मामांचं साल यायच्या कितीतरी आधीच यादी संपली. “सरकारच्या हिशेबी मी अजून जन्मलोच न्हाय म्हणा की,” मामा म्हणाले आणि बिल्ला रुमालात बांधून खिशात ठेवला. त्यानंतर काही दिवस ते कोणी वय विचारलं की ‘अजून यादीत आलं न्हाय’ असं सांगायचे.

गोष्ट मालकांच्या कानावर गेली. आमचे मालक मनानं मोठे आहेत. खात्यातून फेरी मारताना ते मामांजवळ थांबले, मामांना बाहेर घेऊन आले आणि म्हणाले, “काका, जा तुम्ही पेपरला. पगार मी माझ्या खिशातून देतो, कागदबिगद नको.” मी दारातच होतो, मला वाटलं सुटलो. मामांनी हात जोडले. “मालक, तुमी देताय ते तुमचा मोठेपना. पन मी रजा मागतोय. तुमच्या खिशातनं दिली तर माझ्यामागून येणाऱ्याला कुटून मिळंल?” मालकांना राग आला की हसू, हे त्यांचं त्यांना ठाऊक. त्या वर्षीही मामा बिनपगारीच गेले. आतापर्यंतचा निकाल म्हणजे मराठीत, इतिहासात उत्तम, गणितात काठावर, आणि इंग्रजीत नापास.

शेवटी रजा मिळवून दिली ती एका बाईनं, जिला मामा हे नावही ठाऊक नव्हतं. आमचे टॉवेल घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकानं कारखान्याच्या तपासणीला एक बाई पाठवल्या. पुण्याच्या, हातात यादी, चेहऱ्यावर हसू नाही. पंखे, संडास, पाण्याची टाकी, सगळं पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, कामगारांच्या शिक्षणासाठी तुमच्याकडं काय सोय आहे? मॅनेजरसाहेबांनी त्यांना चहाला बसवलं आणि धावत माझ्याकडं आले. इतक्या वर्षांत ते माझ्या टेबलाशी पहिल्यांदाच धावत आले. “ते कलम आहे ना आपल्याकडं? कोणाला दिलीय का ती रजा?” मी दोरीनं बांधलेली फाइल पुढं केली. “मागितलीय साहेब. पुष्कळदा.”

मामांना बोलावणं गेलं. साहेबांनी डोकं लढवलं होतं. मागच्या मार्चची तारीख टाकून रजा मंजूर करायची, बुडालेला पगारही द्यायचा, मामांनी फक्त एक सही ठोकायची. पेन उघडून हातात दिलं. पलीकडच्या खोलीत बाईंच्या कपाची बशी वाजत होती. मामांनी अर्ज वाचला. सगळा वाचला, त्यांची सवयच ती. मग पेनचं टोपण लावून म्हणाले, “साहेब, मागल्या मार्चला मी बिनपगारी होतो. रजिस्टरात तसं लिवलंय, जावयानं खाडाखोड करून लिवलंय. ते खरं हाय, ते ऱ्हाऊ द्या. द्यायचीच तर यंदाची द्या.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी रजिस्टर उघडून पट्टी काढली. काय करणार बिचारे? येणाऱ्या मार्चची रजा मंजूर झाली, सही झाली, शिक्का बसला, आणि मी माझ्या हातानं एक नवा रकाना आखला, ‘अभ्यास रजा’. ते पान बाईंपुढं नेलं. त्यांनी अर्धं मिनिट पाहिलं आणि आग विझवायच्या नळकांड्याची मुदत कधी संपते ते विचारलं. एवढ्या वर्षांची लढाई त्या अर्ध्या मिनिटात आटोपली.

मामा तेवढ्यावर गेले नाहीत. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी आणखी एक घडी काढली आणि टेबलावर ठेवली. “जावईबापू, ह्ये दुसरं.” कारखान्यात त्यांनी मला जावईबापू म्हटलेलं ते पहिलंच. अर्ज शिलाई खात्यातला होता, अक्षर माझ्या बायकोचं. कारण, ‘दहावीची परीक्षा’. मी समजत होतो की ही रोज संध्याकाळी माहेरी जाते ती बापाला इंग्रजी शिकवायला. घरात काय शिजतंय हे मला कधीच कळत नाही. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, “सांगितलं असतं तर तुम्ही आजारी लिहून मोकळे झाला असता.”

परीक्षेला दोघं एकाच वर्गात आले. इंग्रजीच्या पेपरला मामा सवयीप्रमाणं उत्तर आधी ओठांनी म्हणायचे आणि मग लिहायचे. आवाज शून्य, तोंड मात्र सगळं उघडं. सुपरवायझरला वाटलं म्हातारबुवा जांभया देतायत. पण शिलाई खातं मागांच्या शेजारीच असतं, हिला ओठांची भाषा चांगली येते. तिनं पाच मिनिटं सोसलं, मग उभी राहून सुपरवायझरला सांगितलं, की त्या आजोबांचं तोंड भिंतीकडं करा, मला त्यांची सगळी उत्तरं दिसतायत. घरी आल्यावर मी म्हटलं, अगं, बापाचं एखादं उत्तर दिसलं तर बिघडलं काय? ती म्हणाली, “दिसली तेवढी सगळी चुकीची होती. माझं पण चुकलं असतं.”

ती पास झाली. मामांचं इंग्रजी राहिलं. त्यांनी कारखानाभर पेढे वाटले, आणि कोणी विचारलं कशाचे, तर म्हणायचे, “पोरीचे पेपर झाले.” पास झाली असं नाही, पेपर झाले. मला वाटतं, त्यांच्या लेखी तेवढंच उरलं होतं.

पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी हजेरीची सही करून त्यांनी रकान्यावर एकदा बोट फिरवलं. आता त्या रकान्यात आणखी नावं आहेत. रंगखात्यातला एक जण आयटीआयच्या परीक्षेला बसतो, शिलाईतल्या दोघी बारावी करतायत. सगळे खरं कारण लिहितात, आणि मला अजून त्याची पुरती सवय झालेली नाही. मामांचा अभ्यास मात्र बंद पडला. मी म्हणायचो, मामा, आता दिवसभर मोकळेच आहात, उरकून टाका इंग्रजी. ते म्हणायचे, “रजाच न्हाय आता, जावईबापू. रजा मागाय नोकरी लागती. मोकळ्या मानसाला अभ्यासाचा काय आनंद?” टेबलावर पुस्तक तसंच पडून असायचं. गल्लीत बसलेले असले तर तोंड हलायचं नाही. ते बंद तोंड बघून मला कसंतरीच व्हायचं.

यंदा हिनंच त्यांचा फॉर्म भरला, गुपचूप, मागं स्वतःचा भरला होता तसाच. एकच विषय, इंग्रजी. हॉल तिकीट आलं तेव्हा मामांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि पुस्तक उघडलं. पेपरच्या आदल्या दिवशी मी माझा रजेचा अर्ज लिहायला घेतला. हात सवयीनं ‘दाढदुखी’कडं गेला होता. मग मी लिहिलं, ‘सासऱ्यांचा इंग्रजीचा पेपर आहे. त्यांना केंद्रावर घेऊन जायचं आहे.’ मॅनेजरसाहेबांनी वाचलं आणि चष्मा वर केला. “सासऱ्याच्या पेपराला जावयाला कशाला रजा? दाढ लिहा की, लगेच सही करतो.”

“दाढ चांगली आहे साहेब,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पण सही केली. सकाळी मामा इस्त्रीचा सदरा घालून, खिशात रुमालात बांधलेला बिल्ला ठेवून, माझ्या गाडीवर मागं बसले. ही रिक्षानं आली. तिच्या अर्जावर ‘वडिलांचा पेपर’ असं कारण होतं. गेटवर शिपायानं ‘पालक बाहेर थांबा’ म्हणून त्यांनाच अडवलं, मग हॉल तिकीट पाहून आत सोडलं. मामा मैदान ओलांडून व्हरांड्यापर्यंत गेले, वळले, आणि तिथून तोंड पूर्ण उघडून, आवाज न काढता, मला काहीतरी म्हणाले. मला कुठली कळायला ती भाषा? मी हिला विचारलं, काय म्हणतायत?

तिनं सांगितलं, “विचारतायत, रजा अर्ध्या दिवसाची टाकलीय का पूर्ण?”

मी दोन्ही हात पसरून दाखवलं, पूर्ण. मामांनी मान डोलावली आणि वर्गात गेले. आम्ही दोघं गेटसमोरच्या लिंबाखाली बसून राहिलो.